षष्ठीची परात

वेणूबाई जगताप वाशीला राहायला आल्या तेव्हा तिथं रस्ते होते, पण रस्त्यांवर माणसं नव्हती. सिडकोच्या बैठ्या घरांची एक ओळ, प्रत्येक घरापुढं हातभर ओटा, आणि त्यापलीकडं खाडीपर्यंत गवत नि मिठागरांचे बांध. नवरा, सितारामराव, जवळच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. ट्रंका, पिठाचे डबे, लेकीचं दप्तर असं सगळं टेम्पोत आलं. देव मात्र वेणूबाईंनी मांडीवर आणले. सासवडकडच्या घरातून निघताना सासूबाईंनी खंडोबाचा टाक हळदीच्या फडक्यात गुंडाळून त्यांच्या ओटीत घातला होता आणि वर पितळेची एक परात दिली होती. म्हणाल्या होत्या, "खाडीकाठी गेलीस तरी षष्ठीची परात चुकवू नकोस."

परात ही जगतापांच्या घरची रीत. मार्गशीर्षात खंडोबाचे घट बसतात, सहाव्या दिवशी चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा देवाला दाखवतात. कुत्रं देवाचं, म्हणून पहिला घास कुत्र्याला. हे पुष्कळ घरांत असतं. जगतापांकडं त्याहून थोडं जास्त होतं. घरचं कुत्रं असेल तर त्याला त्या सकाळी न्हाऊ घालायचं, कपाळाला भंडारा लावायचा, आणि मग गल्लीतली सगळी कुत्री बोलावून घरच्यासकट एकाच परातीत जेवायला घालायचं. देवाच्या पंगतीत उष्टं नाही आणि लहानमोठं नाही, असं सासूबाई सांगायच्या. वेणूबाईंना ते मनापासून पटलं होतं. वाशीत पहिल्या वर्षी कुत्रीच मिळेनात, तर त्या परात डोक्यावर घेऊन सानपाडा गावापर्यंत चालत गेल्या. तिथं भिमाबाई नावाच्या कोळंबीवाल्या बाईनं त्यांना अंगणात उभं केलं, "यू यू" करून गावातली कुत्री गोळा केली आणि विचारलं, "काय गो, तुझे देवाला मानसं नाय मिलत?" तेव्हापासून भिमाबाई त्यांच्या ओट्यावर पाटी टेकवल्याशिवाय पुढं जात नसे. वेणूबाई घट बसलेले असताना मासळी घेत नसत, तरी ती टेकायची. पाणी प्यायची, चार गोष्टी सांगायची.

सितारामरावांचे कान बॉयलरनं खाल्ले. आधी ते "काय म्हणालीस?" असं एकदा विचारत, मग दोनदा, मग विचारायचेच बंद झाले. कारखान्यानं त्यांना वेळेआधी घरी बसवलं. उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर ऐकू यायचं, पण त्यामुळं जगतापांच्या घरातलं प्रत्येक बोलणं सगळ्या ओळीला ऐकू जायचं. "डाळीत मीठ जास्त झालंय का?" असं वेणूबाईंनी विचारलं की तिसऱ्या घरातून उत्तर यायचं, "आमच्यात बरोबर आहे, काकू."

लोक हसत, त्याही हसत. पण लेक वैशालीचं लग्न होऊन ती साताऱ्याला गेली आणि घर अगदी मुकं झालं. वेणूबाई बाजारात गेल्या की दारावर कोण येऊन गेलं ते सितारामरावांना कळत नसे. दूधवाला थांबून जाई. एकदा वैशालीच आली, तर ऊन उतरेपर्यंत ओट्यावर बसून राहिली. बाप आत खुर्चीत जागा होता. त्या दिवसापासून सितारामराव घराबाहेर पडेनासे झाले. मागून सायकल आली तरी कळत नाही, म्हणाले. उगाच लोकांना त्रास.

ब्याऐंशी सालच्या षष्ठीला परात ओट्याखाली ठेवली आणि कुत्री जमली. त्यांच्या पायांतून वाट काढत एक एवढंसं पिल्लू आलं आणि काठावरून थेट परातीत पडलं. भरितात लोळलं. वेणूबाईंनी त्याला मानेला धरून उचललं, पदरानं पुसलं, तर आतून ते पिवळंच निघालं, ओल्या हळदीच्या रंगाचं.

"देवानं परातीत वाढलंय," सितारामराव म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते आपणहून बोलले होते.

त्याचं नाव हळद्या पडलं.

त्याला कुणी काही शिकवलं नाही. दारात कुणी उभं राहिलं की तो आधी भुंकायचा. मालक हलत नाही, हे त्याच्या लवकरच ध्यानात आलं. मग तो भुंकणं सोडून आत जाऊ लागला आणि सितारामरावांच्या गुडघ्यावर पुढचा पाय ठेवू लागला. एक पाय, हलकेच. सितारामराव उठत, दार उघडत, आणि दारात खरंच माणूस असे. पावसाळा सरेपर्यंत दोघं भाजी आणायला जाऊ लागले होते. मागून सायकल आली की हळद्या आडवा होऊन त्यांना कडेला ढकलायचा. खुर्चीत बसल्यावर सितारामरावांचा उजवा हात नेहमी खाली लोंबता असे, तळवा उघडा. त्या तळव्याखाली हळद्याचं डोकं असे.

"माझा जावई साधा वागतो, पण हा फार लाडात आहे," वेणूबाई भिमाबाईला सांगत.

"तुझा जावई मासली मागत नाय, हा मागतो," भिमाबाई म्हणे आणि पाटीतलं एक डोकं काढून त्याच्यापुढं टाकी.

समोरच्या घरातला नंदकुमार बँकेत होता. त्याच्याकडं पांढऱ्या झुपकेदार केसांची चिंगी नावाची कुत्री होती. दर शनिवारी ठाण्याहून कुत्र्यांचे एक डॉक्टर येऊन बाजारामागच्या गाळ्यात बसत, ही बातमी त्यानंच आणली.

"काकू, हळद्याला एकदा दाखवून आणू. पिसाळण्याचं इंजेक्शन पाहिजेच. चावला-बिवला कुणाला, तर बेंबीभोवती चौदा टोचतात. नसतं टेन्शन."

"माझा हळद्या चावतोय कशाला?"

"तो नाही हो. त्याला कुणी चावलं तर?"

हे वेणूबाईंना पटलं. दिवाळी झाल्यावर एका शनिवारी दोघं आपापली कुत्री घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, घाईत असत, पण नीट बोलत. त्यांनी पिसाळण्याची सुई दिली. हळद्या इकडंतिकडं बघत राहिला.

"हे झालं सक्तीचं," डॉक्टर हात पुसत म्हणाले. "आणखी एक आहे, ते तुमच्या मर्जीवर. अलीकडं कुत्र्यांत एक नवा रोग निघालाय. उलट्या, रक्ताचे जुलाब. त्याची लस मुंबईहून बर्फात घालून आणावी लागते. हो म्हणालात तर पुढच्या शनिवारी थर्मासमधून आणतो."

"चिंगीला आणाच," नंदकुमार लगेच म्हणाला.

"नाही दिली तर?" वेणूबाईंनी विचारलं.

"नाही दिली तर बहुतेक काही होणार नाही. देशी कुत्रं काटक असतं. पण दिलेली बरी. फक्त एक सांगतो, लस दिल्यावर आठ-दहा दिवस आंघोळ घालायची नाही आणि बाहेरच्या कुत्र्यांत अजिबात मिसळू द्यायचं नाही."

वेणूबाईंनी बोटांवर दिवस मोजले. पुढच्या शनिवारी घट बसलेले असणार. त्यानंतर दोन-तीन दिवसांत षष्ठी.

"त्याच्या पुढच्या शनिवारी दिली तर?"

"चालेल की. सक्ती नाहीच आहे."

घरी आल्यावर त्यांनी सितारामरावांच्या कानाशी बसून सगळं सांगितलं.

"मग देऊन टाक ना," ते म्हणाले.

"अहो, आंघोळ नाही घालता यायची त्याला. आणि परातीवर बसवता यायचं नाही."

"एक वर्ष नाही बसला तर?"

 वेणूबाईंना वाटलं, ज्या परातीत हा आला, त्याच परातीवरून याला पहिल्याच वर्षी उठवायचं? घरी कुत्रं नव्हतं तेव्हा परकी कुत्री शोधत वणवण केली. आता देवानं घरात दिलंय आणि त्यालाच पंगतीबाहेर ठेवायचं, हे त्यांच्या मनाला येईना. लस नको असं त्यांच्या मनात एकदाही आलं नाही. फक्त आठवडाभर मागं.

"षष्ठी झाली की देऊ," त्या ओरडून म्हणाल्या.

"तू म्हणशील तसं," सितारामराव म्हणाले आणि हात खाली सोडला. हळद्यानं डोकं आणून लावलं.

घट बसले. चिंगीला लस मिळाली आणि ती घराच्या जाळीतून बाहेर बघत बसू लागली. "जेलमध्ये टाकलंय तिला," नंदकुमार हसून म्हणायचा.

षष्ठीच्या आदल्या दिवशी भिमाबाई आली. पाटी टेकवली, पाणी प्याली आणि म्हणाली, "आमचे गावान कुत्र्यांना काय तरी झालंय गो. रगताचं हागतान नि मरतान. काल दोन उचलून टाकली."

वेणूबाईंच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. डॉक्टरांचे शब्द त्यांना आठवले. पण डॉक्टर शनिवारी येणार, षष्ठी उद्यावर. आणि रोग गावात, आपण इथं ओळीत. मधे रस्ता आहे, मैदान आहे. गावातली कुत्री मासळीच्या पाटीमागं इथवर येतात, हे त्या रोज ओट्यावरून बघत होत्या. तरी त्या घडीला ते ध्यानात आलं नाही. त्यांनी देवापुढचा भंडारा उचलून हळद्याच्या कपाळाला लावला आणि वांगी भाजायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हळद्याला कढत पाण्यानं आंघोळ घातली. उन्हात बसवून पुसलं. पाच जणांनी तळी उचलली, नंदकुमार त्यात होताच. येळकोटाचा गजर सितारामरावांनाही ऐकू गेला असावा, कारण त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी स्वतः परात उचलली आणि ओट्याखाली नेऊन ठेवली.

ओळीतली कुत्री आली. त्यांच्यामागून एक काळं, हडकुळं, कधी न दिसलेलं कुत्रं आलं. ते परातीशी येऊन उभं राहिलं, तोंड घातलं आणि न खाता काढून घेतलं. पुन्हा घातलं. जीभ नुसती भरितावरून फिरवली.

"खा रे बाबा," वेणूबाई म्हणाल्या. "लाजू नको. आज तुमचंच आहे." त्यांनी परात सरकवून त्याच्याकडं केली. मग हळद्याला हाक मारली, तोही त्याच्या शेजारीच येऊन बसला आणि सगळं चाटूनपुसून खाल्लं.

सितारामराव ओट्यावर बसून हसत होते.

पुढचा शनिवार यायच्या आधीच हळद्यानं दूध ओकलं. वेणूबाईंना वाटलं, जास्त खाल्लं असेल. शुक्रवारी सकाळी तो परसात गेला आणि त्यांनी ते रक्त बघितलं. त्यांनी नंदकुमारला हाक मारली. नंदकुमारनं बँकेत न जाता रिक्षा आणली. ठाण्याला डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हळद्याचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या, पांढऱ्या फटक.

"लस?" त्यांनी विचारलं.

"उद्या द्यायची होती," वेणूबाई म्हणाल्या.

 डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन सोडलं, इंजेक्शनं दिली, चमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजायला सांगितलं. "तरुण आहे. बघू," म्हणाले.

वेणूबाईंनी त्याला देवघराच्या दाराशी गोधडीवर ठेवलं. चमचाभर पाणी घालावं, ते त्यानं ओकावं, पुसावं, पुन्हा घालावं. जप करायला बसल्या तर नाव तोंडात अडकू लागलं. देवाकडं काय मागावं हेच त्यांना कळेना. वाचव म्हणावं, तर वाचवायची वस्तू देवानं डॉक्टरांच्या हातानं दाखवली होती, आणि आपणच थांब म्हणालो होतो. शेवटी त्या नुसत्या बसून राहिल्या.

रविवारी सकाळी दारावर दूधवाला आला. हळद्याचे कान हलले. त्यानं मान उचलली. वेणूबाई म्हणाल्या, "असू दे रे, मी बघते," पण तो उठलाच. पाय दोन्हीकडं फाकत होते. भिंतीला अंग घासत तो खुर्चीपर्यंत गेला. पाय वर उचलायला गेला, तो गुडघ्यापर्यंत पोचला नाही, पोटरीवर लागला. सितारामरावांनी खाली बघितलं. मग ते उठले, दार उघडलं, पातेलं पुढं केलं आणि दूध घेतलं. दूधवाल्याला म्हणाले, "आज जरा बरं नाही त्याला."

वळले तेव्हा हळद्या खुर्चीच्या पायाशी आडवा झाला होता. ऊन ओट्यावर यायच्या आत गेला.

मिठागराच्या बांधापलीकडं, गवत सुरू होतं तिथं, सितारामरावांनी खड्डा खणला. नंदकुमार फावडं मागत होता, त्यांनी दिलं नाही. वेणूबाईंनी हळद्याला हळदीच्या फडक्यात गुंडाळलं, त्याच फडक्यात, ज्यातून टाक आणला होता. भंडारा टाकला. माती ओढली.

ओळीतल्या बायका भेटायला आल्या. कुत्र्यासाठी कुणी येत नाही, पण त्या आल्या. एक म्हणाली, "देवाचंच होतं वेणूताई, देवानं नेलं."

"देवाच्या नावावर घालू नका," वेणूबाई म्हणाल्या. "त्यानं दिला होता. न्यायचा असता तर डॉक्टरपर्यंत पोचवला कशाला असता?"

 भिमाबाई पाटीशिवाय आली होती. ती नुसती शेजारी बसली आणि जाताना म्हणाली, "मी आधीच सांगायला यायला पायजे होतं गो. एक दिस आधी."

महिना असाच गेला. मग एकदा जेवताना सितारामराव म्हणाले, "परात मी ठेवली बाहेर." तेवढंच. वेणूबाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. पण काय ओरडून सांगायचं? की नाही हो, तुम्ही द्या म्हणाला होतात, मीच थांबा म्हटलं? त्यांनी सांगितलं तसंच, शब्द न् शब्द. सितारामरावांनी मान हलवली आणि पुन्हा म्हणाले, "पण ठेवली मी."

ते परत घरात बसले. दूधवाला पुन्हा थांबून जाऊ लागला.

उन्हाळ्यात वेणूबाई गावी गेल्या. सासूबाई खूप थकल्या होत्या, पण डोकं शाबूत होतं. रात्रीची भाकरी थापता थापता त्यांना सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं.

"आजारी-दुखणं असलं तर नाही गं न्हाऊ घालत," ती म्हणाली. "इथं थंडी केवढी असते. पिल्लांना आम्ही नुसता भंडारा लावायचो. नि तुझ्या सासऱ्यांचं ते लंगडं कुत्रं होतं, त्याला दुसरी मारायची, म्हणून त्याला आत पानावर वाढायचो. देव काय मोजत बसलाय?"

"मला माहीत नव्हतं, आत्याबाई."

"विचारलंस कधी?" म्हातारीनं सहज म्हटलं. टोमणा नव्हता तो. वेणूबाईंची भाकरी तव्यावर करपली.

चौऱ्याऐंशीच्या मार्गशीर्षाच्या तोंडावर नंदकुमारनं पिशवीतून एक पिल्लू आणलं. काळंपांढरं, रडकं. "काका, बघा तरी," म्हणाला. सितारामरावांनी तोंड भिंतीकडं केलं. पिल्लू दोन-तीन आठवडे ओट्यावरच राहिलं. वेणूबाई त्याला दूध-भाकरी घालत, पण नाव ठेवत नव्हत्या. घट बसायच्या आदल्या शनिवारी त्यांनी ते पदराखाली घेतलं आणि डॉक्टरांच्या गाळ्यात जाऊन उभ्या राहिल्या. आठवडाभर आधी निरोप धाडून लस मागवून ठेवली होती.

डॉक्टरांनी थर्मास उघडला. बर्फातून बोटभर बाटली काढली. पिल्लाच्या मानेची कातडी चिमटीत धरली. पिल्लू टेबल हुंगत होतं, ते हुंगतच राहिलं.

"झालं," डॉक्टर म्हणाले.

वेणूबाई बघत राहिल्या. "झालं? एवढंच?"

"एवढंच, काकू."

त्यांचा हात पिल्लाच्या पाठीवर होता. तो उचलायचा आहे, हे त्यांना कळत होतं, मागं माणसं कुत्री घेऊन उभी आहेत, हेही कळत होतं. हात उचलेना. डॉक्टरांनी पुढच्याला थांबायची खूण केली आणि त्यांच्याकडं स्टूल सरकवलं. वर्षभर आवरून धरलेलं रडणं त्या स्टुलावर, इतक्या परक्या माणसांत, बाहेर पडलं.

घरी आल्या तेव्हा सितारामराव ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. उजवा हात खाली लोंबता, तळवा उघडा. वेणूबाई पायरीवर बसल्या. नेहमीच्या आवाजात, जो त्यांच्यापर्यंत पोचत नसे, त्या म्हणाल्या, "एवढंच होतं हो ते."

सितारामरावांना ओठ हललेले दिसले. त्यांनी उजवा कान पुढं केला. "काय म्हणालीस?"

वेणूबाईंनी पिल्लू उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. सितारामरावांनी त्याला हात लावला नाही, खालीही उतरवलं नाही.

मग त्या कानाशी वाकल्या आणि सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "याला आठ दिवस आंघोळ नाही घालायची. षष्ठीला आत बसेल हा. पानावर."